मार्ताची नोकरी



मी डिप्लोमावाला, रुळांवरचा माणूस. बदली झाली की सामान बांधायचं. रेल्वे मात्र बंद पडत नाही. धाकटीने विचारलं, "बाबा, फुटबॉलमध्ये नोकरी असते का?" तेव्हा मला ब्राझीलची आघाडीची खेळाडू मार्ता आठवली.

तिच्या देशात १९४१ ते १९७९ बायकांच्या फुटबॉलवर बंदी होती. ही खेड्यातली पोर चौदाव्या वर्षी तीन दिवस बसने रिओला गेली, २००४ मध्ये थेट स्वीडनला. पुढे अमेरिकेत तीन हंगाम, तीन क्लब. पहिला बंद पडला. दुसऱ्याने २०१० चं विजेतेपद मिळवलं, तोही बंद! २०११ ला तिसराही जिंकला, तर २०१२ मध्ये लीगच गुंडाळली. स्वीडनला परतली, २०१४ मध्ये तिथला क्लब पैशांअभावी कोलमडला. जिंकूनही नोकरी जाते, हे आपल्या सर्व्हिस बुकात बसत नाही बुवा.

तरी विश्वचषकात १७ गोल. २०२३ ला ती विश्वचषक खेळली, तोवर पुरुषांतही इतके कोणाचे नव्हते. २०१७ ला ती ओरलँडोच्या क्लबात गेली. तिथे विजेतेपदाला २०२४ उजाडलं, तेव्हा वय ३८. हा क्लब मात्र जिंकल्यावरही चालू राहिला.

थांबतो. धाकटीचा सामना पाचला आहे.