ब्रेकडाऊन आपल्या भाषेत: मेटलकोर बँड मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

चोपड्याहून बोलतोय. बाहेर ऊन असं आहे की मोबाईलसुद्धा सावलीत ठेवावा लागतो. ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतोय. तुम्ही बसमध्ये असाल, हेडफोनची एक बाजू बंद पडली असेल, तरी वाचता येईल.

आजचा विषय थोडा आरडाओरड्याचा आहे. मेटलकोर. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, ते नुसतं ओरडणं असतं ना? त्यात प्रगती काय करणार? अजून जोरात ओरडणार?" प्रश्न गमतीचा आहे, पण चांगला आहे. त्याचंच उत्तर शोधू.

आधी दोन मिनिटं ओळख. मेटलकोर म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांचं लग्न. हे लग्न अमेरिकेत, नव्वदच्या दशकात जमलं. मेटलकडून आली जड गिटार आणि दोन्ही पायांनी वाजवायचा डबल बास ड्रम. हार्डकोरकडून आला राग, घाई आणि स्टेजसमोरची धक्काबुक्की. गिटारची सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवतात, म्हणजे आवाज अजून खोल जातो. आणि मग येतो ब्रेकडाऊन. धावणारं गाणं अचानक अर्ध्या वेगावर येतं, गिटार आणि ड्रम एकाच ठोक्यावर एकत्र आदळतात. छातीत धप्प होतं. ते धप्प म्हणजेच ब्रेकडाऊन.

आता अडचण इथेच आहे. हा फॉर्म्युला इतका पक्का बसला की शेकडो बँड तेच करू लागले. कडव्यात ओरडा, मुखड्यात गोड गा, शेवटी ब्रेकडाऊन, संपलं. लग्नाच्या डीजेसारखं झालं. पुढचं गाणं कोणतं लागणार हे वरातीतल्या घोड्यालाही माहीत असतं.

म्हणून एखादा बँड नवीन अल्बममध्ये हा साचा मोडतो तेव्हा ऐकणारा दचकतो. जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे इंग्लंडच्या शेफील्ड शहरातला 'ब्रिंग मी द होरायझन'. २००६ चा त्यांचा पहिला अल्बम 'काउंट युअर ब्लेसिंग्ज' म्हणजे निव्वळ कत्तल. गायक ऑली साइक्स काय म्हणतोय हे त्याच्या आईलाही कळलं नसेल. त्याच बँडचा २०१३ चा 'सेम्पिटर्नल' लावा. जॉर्डन फिश नावाचा कीबोर्डवाला बँडमध्ये आला होता. आवाजाला मोकळी जागा मिळाली, गाण्यांना चाल मिळाली, ओरडणं राहिलं पण त्याला कारण मिळालं. २०१९ च्या 'अमो'पर्यंत तर ते पॉप आणि इलेक्ट्रॉनिकमध्ये बिनधास्त फिरत होते. जुने चाहते चिडले, नवे आले. दोन्ही होणारच.

पण आपण शेफील्डला कशाला जायचं? मुंबईत या.

मुंबईत 'स्क्राइब' नावाचा बँड होता. हार्डकोर-मेटलकोर वाजवणारा. २००८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'कन्फेक्ट'. दुसरा आला २०१० मध्ये, आणि त्याचं नाव ऐका: 'मार्क ऑफ तेजा'. कळलं का कोणता तेजा? 'अंदाज अपना अपना'मधला, परेश रावलचा! जुळ्या भावांमधला खरा तेजा कोण, आणि ती ओळखीची खूण कुठे, या गोंधळावर हसून हसून आपण लहानाचे मोठे झालो, तो तेजा. १९९४ मध्ये तो सिनेमा थिएटरमध्ये चालला नव्हता. टीव्हीने आणि सीडीने त्याला घराघरात नेलं. आणि २०१४ मध्ये पुढचा अल्बम: 'हेल मोगॅम्बो'. यावर मी वेगळं काही सांगायला नको. 'मिस्टर इंडिया', अमरीश पुरी, १९८७. त्यांच्या एका गाण्याचं नाव आहे 'आय लव्ह यू पावभाजी'. शपथेवर सांगतो, खरंच आहे. शोधून बघा.

आता कोणी म्हणेल, ही तर थट्टा झाली, यात कलात्मक वाढ कुठे? मला वाटतं, इथेच आहे.

विचार करा. मेटल म्हटलं की कवटी, रक्त, सैतान, बर्फाळ जंगल. हे सगळं नॉर्वे आणि अमेरिकेतून आयात केलेलं. मुंबईच्या लोकलमध्ये लटकणाऱ्या पोराने बर्फाळ जंगलावर गाणं केलं तर ते चांगलं वाजेल कदाचित, पण ते त्याचं नसेल. स्क्राइबने संगीताची ताकद कमी केली नाही. ब्रेकडाऊन तसाच जड, लय तशीच अचानक मोडणारी. पण नावं आणि विनोद आणले आपल्या घरातल्या टीव्हीतून. राग आहे, आणि राग व्यक्त करताना स्वतःवर हसण्याची हिंमतही आहे. ओरडणं त्यामानाने सोपं. ओरडता ओरडता हसवणं फार अवघड.

आणि हे लोक पुढे काय करतात बघा. गायक विश्वेश कृष्णमूर्ती. ए. आर. रहमानने लिहिलेला आणि निर्मिती केलेला '९९ साँग्स' हा सिनेमा २०२१ मध्ये प्रदर्शित झाला, त्याचा दिग्दर्शक हाच. बास वाजवणारा श्रीनिवास सुंदरराजन, त्यानेही स्वतःचे सिनेमे केले. 'द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट' हा त्यातला एक. म्हणजे ज्यांना लोक 'नुसते ओरडणारे' म्हणत होते, त्यांच्या डोक्यात गोष्टी होत्या.

मुंबईचंच दुसरं उदाहरण. हा मेटलकोर नाही, जास्त काळोखा, जास्त भव्य प्रकार आहे: 'डिमॉनिक रेझरेक्शन'. साहिल मखिजाचा बँड. सुरुवातीची अनेक वर्षं यांची गाणी काळोख आणि राक्षसांच्या काल्पनिक कथेवर. २००५ चा 'अ डार्कनेस डिसेंड्स', मग २०१० चा 'द रिटर्न टू डार्कनेस'. परदेशात नाव झालं. आणि २०१७ मध्ये आला 'दशावतार'. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत. सोबत सतार, तबला, बासरी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण इथे फसतात. सतार आणली म्हणून अल्बम मोठा होत नाही. शेवभाजीवर वरून कोथिंबीर टाकली म्हणून भाजी बदलत नाही, तर्री तीच असते. 'दशावतार'मध्ये मला आवडलं ते हे की अल्बमचा सांगाडाच आपल्या गोष्टीतून आला. नरसिंह म्हटलं की संध्याकाळ, उंबरठा, नखं हे आपल्याला आधीच माहीत असतं. ते चित्र आजीने आपल्या डोक्यात आधीच काढून ठेवलंय. बँडला फक्त वीज जोडायची होती.

मग तीन बँडमधून मला कळलेलं सांगतो. ब्रिंग मी द होरायझनने गाण्याची बांधणी बदलली. स्क्राइबने बोलण्याचा सूर बदलला. डिमॉनिक रेझरेक्शनने गोष्ट बदलली. तिघांपैकी कोणीही 'आता मोठे झालो, शांत गाऊ' असं केलं नाही. मोठं होणं म्हणजे मवाळ होणं नाही. आपल्याकडे काय आहे ते ओळखणं, आणि लोक नाराज होतील हे माहीत असूनही ते वाजवणं.

आता आपल्या चोपड्याकडे येतो.

माझा एक मित्र आहे, नाव नाही सांगत. केळीच्या ट्रकचं लोडिंग बघतो. रात्री बागेत जाऊन ओरडायचा सराव करतो, कारण घरात केला तर शेजारी धावत येतील, साप निघाला म्हणून. गळा कसा वापरायचा, मुख्य स्वरतंतूंवर ताण न देता खरखर कशी काढायची, सगळं व्हिडिओ बघून शिकला. त्याच्या फोनमध्ये अकरा गाणी लिहून ठेवलीयत. सगळी इंग्रजीत, अर्धी भाषांतराच्या ॲपमधून. विषय? बर्फ, कावळे, शून्यता.

मी म्हटलं, भो, तू कधी बर्फ पाहिलाय का? गोळ्याच्या गाडीवरचा सोडून? तर हसला. मग म्हणाला, "अहिराणीत मेटल केलं तर लोक हसतील."

हे वाक्य मला लागलं. कारण हेच पोरगं रात्री दोनला पंप चालू करायला जातं. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला असते, हातात बॅटरी, आणि बिबट्याची भीती. रातले लाईट येस, अन् पहाटे जास. सांगा, यापेक्षा जास्त मेटल विषय कोणता आहे? कावळा कशाला पाहिजे?

आणि अहिराणीला लोक हसतात म्हणता, तर 'हाई झुमकावाली पोर' पुण्या-मुंबईच्या हळदीत कशी वाजते? लोकांना भाषेची अडचण नाहीये. अडचण आपल्याला आहे. नाचायचं गाणं अहिराणीत चालतं, पण दुःख आणि राग सांगायचा तर भाषा उसनी पाहिजे, असं आपणच ठरवून टाकलंय.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, घरच्या बोलीत रचलं. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्याकडे फोन नव्हता, आपल्याकडे आहे. तरी आपली गाणी नोट्समध्येच पडून आहेत.

आणि आवाजाचं म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहे? होळीआधी सातपुड्याच्या पायथ्याशी भोंगऱ्या बाजार भरतो. पावरा बांधवांचे ते मोठाले ढोल कधी जवळून ऐकलेत का? छातीत तेच धप्प होतं. ब्रेकडाऊन आपल्या डोंगरात गिटारच्या आधीपासून आहे. फक्त एक विनंती: मोबाईलवर दहा सेकंद रेकॉर्ड करून गाण्यात चिकटवू नका. ती कोणाची तरी कला आहे. जा, बसा, विचारा, सोबत वाजवा, नाव द्या, पैसे द्या. नाहीतर ती पुन्हा कोथिंबीरच होईल.

या आठवड्याचा अभ्यास. तीन जोड्या ऐका, जुना अल्बम आधी, नवा नंतर. एक: 'कन्फेक्ट' आणि 'मार्क ऑफ तेजा'. दोन: 'द रिटर्न टू डार्कनेस' आणि 'दशावतार'. तीन: 'काउंट युअर ब्लेसिंग्ज' आणि 'सेम्पिटर्नल'. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. उतरवलेली जाड तार साधारण ७३ हर्ट्झवर वाजते, मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून ती नीट येतच नाही. हेडफोन लावा, आणि आवाज कानाला झेपेल एवढाच ठेवा.

ऐकताना एकच प्रश्न विचारा: यात काय वाढवलं, यापेक्षा, हा माणूस आता कुठून बोलतोय?

आणि ज्यांच्या फोनमध्ये गाणी पडून आहेत त्यांनी एक, फक्त एक, घरी बोलता त्या भाषेत पुन्हा लिहा. चाल नंतर बघू. मला व्हॉइस नोट पाठवा. अहिराणी, लेवा, गुजरी, पावरी, काहीही चालेल. परवानगी असेल तर पुढच्या भागात वाजवू. पुढचा भाग रविवारी. तोवर पाणी पीत राहा, उन्हात फिरू नका. चला, भेटू.