चार मिनिटं आणि एक वायर



आम्ही पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे ‘अहो, अचानक बंद पडलं’ हे वाक्य आमच्या रोजच्या ऐकण्यातलं. पण बंद पडलेला सर्व्हर जागेवर उभा असतो. बंद पडलेलं जहाज पुढे जातच राहतं.

२६ मार्च २०२४, मध्यरात्र उलटलेली. ‘दाली’ हे ९८४ फुटी कंटेनर जहाज बाल्टिमोरहून श्रीलंकेला निघालं होतं. २१ खलाशी, त्यातले २० आपले भारतीय. १ वाजून २५ मिनिटांनी वीज गेली. इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंप थांबला, म्हणून मुख्य इंजिनही आपोआप बंद झालं. खलाशांनी मिनिटभरात ब्रेकर हाताने टाकून वीज आणली, आणि ती पुन्हा गेली. १:२९ ला जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं.

कारण काय, तर एक सैल वायर. एनटीएसबी या केंद्रीय तपास संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ते जाहीर केलं. वायरीवर तिचं नाव लिहिलेली छोटी पट्टी असते ना, ती अशी बसवली होती की वायरीचं टोक खाचेत पूर्ण गेलंच नाही. हजारो वायरींतली ही एक! आमच्याकडेही असे बग असतात, तपासायला बसलं की सगळं ठीक.

दुसऱ्यांदा वीज गेली ती वेगळ्या कारणाने. जनरेटरला इंधन द्यायला नेहमीच्या पंपाऐवजी नळ्या धुवायचा पंप लावलेला होता. वीज गेली की तो आपणहून परत सुरू होत नाही. जनरेटर उपाशी राहिले. वायर सैल होणं समजू शकतं, पण ही ‘चालतंय की’ वृत्ती आम्हाला खटकते.

त्या चार मिनिटांत कारण शोधायला कुणाला वेळ होता? नांगर टाकला, आणि पायलटने धोक्याचा संदेश दिला. पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली, म्हणून कितीतरी जण वाचले. पण पुलावर खड्डे बुजवायच्या कामावर आठ जण होते, त्यांच्यापर्यंत निरोप वेळेत पोचलाच नाही. सहा जण गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरहून पोटासाठी आलेली माणसं.

उन्हाळ्यात आपल्यापैकी बरेच जण तळ्यावर बोट भाड्याने घेतात, म्हणून सांगतो. इंजिन थांबलं तर झाकण उघडायच्या आधी लाइफ जॅकेटं घाला, नांगर टाका, जवळच्या बोटींना खूण करा. मग बघा: चालकाच्या मनगटाची सुरक्षा-दोरी निसटली का, टाकीची हवेची झडप बंद आहे का, फिल्टरमध्ये पाणी साचलंय का. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं.

‘दाली’चे खलाशी मात्र तपास आणि व्हिसापायी जवळजवळ तीन महिने जहाजावरच अडकले. फोनसुद्धा तपासासाठी घेतलेले. त्यांना सिमकार्डं आणि खाऊ पोचवला तो बंदरावरच्या सेवा केंद्रांनी आणि स्वयंसेवकांनी. आजच्या निधीतला काही भाग अशाच केंद्रांसाठी आहे. पेटी चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, चेक मंडळाच्या नावाने लिहावा.