आकाशातील जाळे आणि आपला जिल्हा
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. परंतु त्या आधारवर अंगठा लावून पैसे काढायचे, तर रेंज लागते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात ती नसली, की निराधार म्हातारी आल्या वाटेने रिकाम्या हाती परतते. बँकेतील नोकरीमुळे ही अडचण मला जवळून ठाऊक आहे.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या अमेरिकन कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, धाराशिव, वाशीमबरोबर नंदुरबारचेही नाव आहे.

हे काम चालते कसे? दूरदर्शनचे उपग्रह सुमारे ३६ हजार कि. मी. उंचीवर, आपल्याला एकाच जागी स्थिर भासतात. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० कि. मी. वरून दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतात. जवळ असल्याने संदेश चटकन पोहोचतो. पण एक उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो. म्हणून एक-दोन नव्हे, हजारो उपग्रह लागतात.

तथागतांनी सांगितले आहे, की कारणाशिवाय कार्य नाही. आकाशातील गर्दीचेही परिणाम आहेत. १० फेब्रुवारी २००९ रोजी एक अमेरिकन आणि एक बंद पडलेला रशियन उपग्रह आदळून हजारो तुकडे झाले. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात अग्निबाणाचे मोठे धातूचे कडे आकाशातून पडले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसारख्या यंत्रांना उपग्रहांच्या लहरींचा अडथळा होऊ शकतो. शिवाय हे उपग्रह साधारण पाच वर्षांनी वातावरणात जाळून टाकले जातात. त्या धातूच्या धुळीचा अभ्यास शास्त्रज्ञ करीत आहेत.

मग ही सोय नाकारावी काय? मुळीच नाही. पण कालामसुत्ताची शिकवण अशी, की कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. म्हणून ग्रामसभेत विचारा: पहिली जोडणी आश्रमशाळेला आणि आरोग्य केंद्राला मिळणार काय? दरमहाचे बिल कोण भरणार? यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार?

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. तुम्ही या जाळ्याचे नुसते गिऱ्हाईक होऊ नका; भौतिकशास्त्र शिका, कायदा शिका. आकाश कोणा एकाच्या मालकीचे नाही. त्याचे नियम ठरतील तिथे सातपुड्याचाही आवाज असला पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!