लेहला जाऊ, पण सावकाश

(रौप्यमहोत्सवी सहलीच्या नियोजन सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहल लेहला न्यायची असं मागच्या सभेत ठरलं. काहींच्या मनात ल्हासा होतं. पण तिथे चीनचा व्हिसा आणि शिवाय तिबेटचा वेगळा परवाना लागतो. आपल्या थोड्या दिवसांत ते बसत नाही. लेह हे ल्हासाचं जुनं सोयरं गाव. पूर्वी दर तीन वर्षांनी लेहहून ल्हासाला तांडा जात असे. तसेच गोंपा, तशीच बौद्ध परंपरा आणि जवळपास तेवढीच उंची आपल्याच देशात आहे.

उंचीबद्दलच मला बोलायचं आहे. आपली परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटर, लेह सुमारे 3,500. हवेतला ऑक्सिजनचा वाटा तिथेही 21 टक्केच, पण दाब कमी. म्हणून एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश. दिल्लीहून विमान दीडेक तासात तिथे उतरवतं, शरीराला मात्र जुळवून घ्यायला किमान दोन दिवस लागतात. धडधाकट तरुणालाही त्रास होतो, त्यामुळे वयावरून अंदाज बांधू नये.

दोन वर्षांपूर्वी मी आणि सौ. जाऊन आलो. प्रवास कंपनीने दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ठेवला होता, म्हणजे 5,300 मीटरच्या वर. पहिल्या रात्री सौ.चं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. सकाळी आम्ही खोलीतच थांबलो. भरलेले पैसे गेले. पण तिसऱ्या दिवशी तीच ठिकसे गोंपाच्या पायऱ्या हळूहळू चढली आणि मैत्रेय बुद्धाच्या दोन मजली उंच मूर्तीपुढे हात जोडून उभी राहिली.

म्हणून माझी सूचना अशी. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथून सकाळचं विमान. पहिला दिवस पूर्ण आराम. दुसऱ्या दिवशी सकाळीही आराम, संध्याकाळी शांती स्तूप. वरपर्यंत गाडी जाते. तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसे. चौथ्या दिवशी निम्मूजवळ सिंधू-झंस्कारचा संगम, परतताना नऊ मजली लेह राजवाडा. मुक्काम रोज लेहमध्येच. पँगाँग आणि नुब्रा यादीतून काढा. एवढ्या कमी दिवसांत नुसती धावपळ होते.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने डॉक्टरांना भेटावं. बीपी, हृदय, दमा, काही लपवू नका. डायमॉक्सची गोळी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही; सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. तिथे दारू आणि झोपेची गोळी नको. डोकेदुखी, मळमळ झाली तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर ताबडतोब दवाखाना आणि खाली उतरणं. ऑक्सिजनच्या नळकांडीवर भागवू नका. आणि हो, प्रीपेड सिम तिथे चालत नाही. प्रत्येक गाडीत एक तरी पोस्टपेड फोन हवा.

आता मुख्य मुद्दा. ‘ज्येष्ठांना पुढच्या वेळी नेऊ’ अशी सूचना आली आहे. मंडळी, इथे नळ नव्हता तेव्हा रात्री दोन वाजता टँकरची वाट पाहत उभे राहणारे हेच काका-काकू होते. त्यांची पुढची वेळ कोणती? कोणी जाऊ नये हे डॉक्टर सांगतील, सभेने सांगू नये. ज्यांना डॉक्टर नाही म्हणतील, त्यांच्यासाठी औंढा नागनाथची एक दिवसाची सहल याच खर्चातून काढावी, हाही ठराव मी मांडतो.

दोन ठिकाणं कमी पाहू, पण सगळे मिळून पाहू. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने सहलीचा वेग ठरवावा, एवढीच विनंती.