संगणकाचा पोटखराबा



काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका सेवा केंद्रचालकानं संगणकात रॅम वाढवून घेतली. दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, एकूण चार. केंद्रात येऊन बघतो तर पडद्यावर ३.२५. गडी तडक दुकानात. "पाऊण जीबी कुठं गेलं?" दुकानदारानं पट्ट्या काढून लेबलं दाखवली, तरी समाधान होईना. मग वाद माझ्याकडं आला.

हा माणूस दिवसभर लोकांना सातबारे काढून देणारा. मी म्हटलं, "एकूण क्षेत्र आणि लागवडयोग्य क्षेत्र सारखं असतं का रे?" तो म्हणाला, "कसं असंल? पोटखराब वजा जातो की."

त्या पोटखराबातही अ आणि ब असे वर्ग आहेत. खडकाळ, लागवडीला न येणारा तुकडा, मालकाचं खळं किंवा शेतातलं घर हे अ वर्गात. वहिवाटीचा रस्ता, इतरांच्या वापरातला ओढा, स्मशानभूमी हे ब वर्गात. नाव तुमचं, पण नांगर घालता येत नाही. तिथं कुणी बांध कोरलेला नसतो.

संगणकात ब वर्ग असतोच. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलं, तर पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग मुख्य मेमरीतूनच वाटा घेतो. म्हणून आठ जीबीच्या लॅपटॉपवर कंसात '७.८ युजेबल' असं काहीतरी दिसतं. टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक केलं, की 'हार्डवेअर रिझर्व्ड' म्हणून तो आकडा सरळ लिहिलेला सापडतो. वहिवाट नोंदवलेली असते, आपण वाचत नाही इतकंच.

पण आमच्या केंद्रचालकाचं दुखणं याहून खोल होतं. त्याच्या संगणकात जमीन होती, तिला द्यायला गट नंबर नव्हते.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक लागतो. क्रमांक नसेल तर प्रोसेसर तिथं पोचूच शकत नाही. त्याची विंडोज ३२ बिटची होती. ३२ जागा, प्रत्येक जागी शून्य किंवा एक. असे एकूण क्रमांक होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. म्हणजे बरोबर चार जीबी. मग चार जीबी रॅम पुरायला हवी होती ना? नाही. क्रमांक फक्त रॅमला लागत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची चिप यांच्याशीही प्रोसेसर क्रमांकानंच बोलतो, आणि त्यांचे क्रमांक याच यादीच्या वरच्या टोकाला राखून ठेवलेले असतात. तिथले गट नंबर पाहुण्यांना गेले, की त्याच क्रमांकांवर बसायची ती रॅम बेवारस होते. कार्ड जितकं मोठं, तितकी जास्त बेवारस.

कुणी म्हणेल, हा उजनीच्या मृतसाठ्यासारखा प्रकार. धाराशिव शहराला उजनीचं पाणी येतं, त्यामुळे धरण 'मायनसमध्ये' गेल्याच्या बातम्या आपण जीव मुठीत धरून वाचतो. एकूण सुमारे ११७ टीएमसी, त्यातले ६३हून अधिक मृतसाठा. पण ही उपमा मला पटत नाही. मृतसाठा तळाशी असतो, आणि वेळ आली तर आपण पंप लावून तोही उपसतो. इथं कापलं जातं ते वरच्या टोकाला, आणि क्रमांकच नसल्यावर पंप लावणार कुठं?

हे दुखणं जुनंच आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत पत्त्याच्या २० जागा होत्या, म्हणजे एक मेगाबाइटपर्यंतचे क्रमांक. त्यातले ६४० किलोबाइट कामाच्या प्रोग्रामांना, वरचे ३८४ पडदा आणि बायोस यांच्यासाठी राखीव. तेव्हापासून दर पिढीला वाटत आलं की एवढे क्रमांक संपणार कधी, आणि ते संपत आले.

वाट नव्हती असंही नाही. १९९५च्या पेंटियम प्रोमध्ये पत्त्याच्या ३६ जागा वापरायची सोय आली, म्हणजे ६४ जीबीपर्यंत मजल. पण वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेले ड्रायव्हर लांब पत्ता पाहून अडखळत, म्हणून मायक्रोसॉफ्टनं घरगुती ३२ बिट विंडोज चार जीबीच्या कुंपणातच ठेवली. सर्व्हरच्या काही आवृत्त्यांना मात्र कुंपणाबाहेर जाऊ दिलं. व्यापार म्हणा, सावधगिरी म्हणा; मला दोन्ही दिसतात.

६४ बिटवर क्रमांकांची टंचाई नाही. तिथं बेवारस रॅमला चार जीबीच्या पलीकडचे नवे क्रमांक देतात, याला रीमॅपिंग म्हणतात. २०२३ साली उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं. गाव जागचं हललं नाही, पत्ता बदलला, तसंच हे. मात्र मदरबोर्डला ही सोय हवी. इंटेलच्या ९४५ चिपसेटला ती नव्हती. त्यावर ६४ बिट विंडोज घातली तरी आकडा तसाच.

हार्ड डिस्कचा किस्सा वेगळा, तो यात मिसळू नका. ५०० जीबीची डिस्क विंडोजवर ४६५ दिसते, एक टीबीची ९३१. आपल्याकडं बोलताना आर आणि गुंठा एकच समजतात. पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७. पाचशे आर जमीन गुंठ्यात मोजली तर ४९४ भरते, माती तेवढीच. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. किलोला हा फरक अडीच टक्केही नाही, टेराला दहाच्या घरात जातो. १९९८ साली या दुसऱ्या मापाला किबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावं दिली गेली. ती कुणाच्या तोंडी बसली नाहीत. रॅम मात्र विकतानाही १०२४च्याच मापानं विकतात, म्हणून तिथं हे कारण चालत नाही.

आणि आठच्या जागी नेमके चार दिसले, तर यातलं काहीच नाही. बहुधा एक पट्टी नीट बसलेली नसते. संगणक बंद करा, वायर काढा, पट्टीच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा, भुगा झटका, दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. आपल्याकडच्या धुळीत हा उपाय मी किती वेळा केला असेल, मोजदाद नाही.

केंद्रचालकाचा मदरबोर्ड रीमॅपिंग करणारा निघाला. मी ६४ बिट विंडोज घालून दिली, चार जीबी जवळजवळ पुरते दिसले, गडी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. त्याच्या जुन्या प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हरच नव्हता, आणि दारात सातबाऱ्यासाठी रांग लागलेली. संध्याकाळी मी पुन्हा ३२ बिट घालून दिली. "राहू द्या सर," तो म्हणाला, "पोटखराब धरून चालू."