पाऊस परतला, आता बागेचं बघू या
(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

दूध आटायला अजून थोडा वेळ आहे. तेवढ्यात बागेबद्दल बोला, असं कार्यकारिणीनं सुचवलं. आधी या दिवसांतली कामं सांगतो, मग एका निर्णयाबद्दल बोलतो.

आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण पुणेकर वैतागतो, पण बागेचं वर्ष खरं इथून सुरू होतं. चार महिन्यांच्या पावसानं माती दबून घट्ट झालेली असते, खताचा कस वाहून गेलेला असतो. दिवाळीपर्यंत हात फिरवला, तर बाग थंडीभर साथ देते.

पहिलं काम तणाचं. भिंतीलगत गाजरगवत फुलावर आलंय. बी पडायच्या आत ते मुळासकट उपटायला हवं. मात्र हातमोजे घाला; अनेकांना त्याच्या स्पर्शानं खाज सुटते.

दुसरं, कुंड्या. वरची माती खुरप्यानं मोकळी करा आणि दोन-तीन मुठी कंपोस्ट मिसळा. तळाचं भोक बुजलं असेल तर काडीनं मोकळं करा. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून ठेवा. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

तिसरं, गुलाब. छाटणी आता करायची. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप घ्या, वाळक्या फांद्या काढा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. साधारण दीड महिन्यानं फुलं येतात. आंब्याला मात्र आता कात्री लावू नका, मोहर कमी येईल.

शेवंतीची गंमत सांगतो. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळ्या धरतात. गेटजवळच्या दिव्याखाली रात्रभर उजेड असतो, तिथल्या कुंड्या मागे अंधारात न्या. जागा बदलली की तिथल्या शेवंतीही फुलतील.

खिडकीत जागा असेल तर मेथी पेरा, महिन्याभरात भाजी होते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन भाग करून पेरा. उगवायला आठ-पंधरा दिवस लागतात, तेव्हा धीर धरा. दसऱ्याचे हार फेकू नका. दोरा काढून झेंडूची फुलं वाळवा. पाकळीच्या बुडाशी असलेली काळी काडी म्हणजेच बी. उरलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. पालापाचोळा जाळायचा तर मुळीच नाही. तो झाडांच्या आळ्यात पसरला की ओल टिकते.

आता सहली. कासच्या पठारावरचा फुलांचा मोसम सरत आलाय, ते पुढच्या सप्टेंबरसाठी ठेवू. थंडीत सोलापूर रस्त्यावर भिगवणला जाऊ. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे लहान मुलांना जरूर न्या.

आता निर्णयाचं. मागच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक टाकून चार गाड्यांची सोय करायची, असा विषय वार्षिक सभेपुढे येतोय. अडचण खरी आहे. राहायला आलो तेव्हा खाली स्कूटरच जास्त दिसायच्या, आज बहुतेक घरी मोटार आहे. रात्री उशिरा येणाऱ्यांना गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते, हे मीही बघतो.

पण त्या पट्ट्यात कडुनिंब, बकुळ आणि पारिजातक आहेत. झाडं तोडणार नाही असं ठरावात म्हटलंय. तोडायचं म्हटलं तरी १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागतेच. मात्र बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवले की झाड न तोडताही मरू शकतं. अन्नपाणी शोषणारी बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या एक-दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. याच कारणासाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. शिवाय मागच्या बाजूचं पावसाचं पाणी मुरायला आपल्याकडे एवढीच माती उरली आहे. उन्हाळ्यात बोअरवेल आटली की टँकरचं बिल सगळ्यांच्याच मेंटेनन्समध्ये येतं.

म्हणून माझी सूचना अशी: पट्ट्याच्या पूर्वेकडच्या टोकाला झाडं नाहीत, तिथे दोन गाड्यांची जागा करू. तिथेही मध्ये गवत उगवेल असे भोकांचे ब्लॉक घालू. बाकी माती मोकळी राहू दे. चारांऐवजी दोन गाड्या हा तोटा आहेच. त्या दोन जागा पाळीपाळीनं मिळाव्यात, असं मी सभेत मांडीन. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही सभेत येऊन बोलावं. दुसऱ्यांवर सोडू नका.

तोवर येत्या तीन रविवारी सकाळी साडेसात ते साडेआठ त्याच पट्ट्यात काम करू. खुरपं, जुने हातमोजे आणि घरात असतील ती मुलं घेऊन या. सकाळी लवकर आलात तर पारिजातकाचा सडा पडलेला असेल. तो वेचून मगच खुरपणी सुरू करू.

चला, दूध तयार झालंय.