ककुद्मी राजाचं घड्याळ

माउली, ककुद्मी राजा लेक रेवतीसाठी वर विचारायला तिला घेऊनच ब्रह्मलोकी गेला. तिथं गाणं चाललेलं; क्षणभर थांबला. ब्रह्मदेव हसले, "राजा, खाली 27 चतुर्युगं सरली! तू मनात धरलेल्यांची नातवंडंही उरली नाहीत."

काळ दोन ठिकाणी दोन चालींनी चालतो? चालतो! मोबाइलला रस्ता दाखवणारे उपग्रह 20,000 किलोमीटर उंच. सेकंदाचे दहा लाख भाग करा. वर पृथ्वीची ओढ कमी, म्हणून तिथलं घड्याळ रोज 45 भाग पुढं जातं. वेगामुळं 7 मागं पडतं. उरलेले 38 धरले नाहीत तर रस्ता चुकला. पण पुराणात हेच शास्त्र होतं म्हणू नका हां. कथेत वरचं घड्याळ मंद, इथं जलद. उलटंच की!

माझा जीव राजापाशी अडकतो. परतला तर नगरीत भाऊबंद कोणी नाही. लेक मात्र निघतानाची तेवढीच. तिचा हात बलरामदादांच्या हाती दिला, आणि बदरिकाश्रमाला तपाला निघून गेला.